शुक्रवारी खिडकीवर मी होते

आदरणीय प्राचार्य सर, संस्थेचे पदाधिकारी, नानांच्या घरच्या अक्का आणि संजूभाऊ, आणि नानांसाठी इथे जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

एखादा माणूस दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर का घेतो? आणि घेतल्यावर, ज्याची चूक आहे त्यालाच रोज दुपारी चहा का पाजतो? गेल्या मंगळवारी नाना गेले, तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासोबत आहे. याचं उत्तर मला येत नाही. ते सापडल्यावर बोलू असं म्हटलं असतं, तर मी आज या माइकसमोर आलेच नसते.

मी वैशाली. सावद्याची. वडील केळीच्या गाड्या भरतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. याच कॉलेजात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. झाले, आणि यंदा जूनपासून इथेच तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. माझी फी शिष्यवृत्तीतून गेली. खाण्याचा आणि होस्टेलचा खर्च 'कमवा आणि शिका' योजनेतून निघाला. या योजनेत कॉलेज विद्यार्थ्याला रोज थोडे तास काम देतं आणि त्याचे पैसे देतं. कुणाला बागेत काम मिळतं, कुणाला ग्रंथालयात. मला मिळालं शिष्यवृत्ती विभागात, भिकननानांच्या टेबलाशेजारी.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. नाना इथले शिष्यवृत्तीचे क्लार्क होते. ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नंतरही फॉर्मच्या दिवसांत गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक टेबल टाकून बसायचे. निवृत्त माणसाला कुणी तिथे बोलावलं नव्हतं. 'घरी बसवत नाही' एवढंच कारण ते सांगायचे. अक्का, तुम्ही त्यांना रागवायचात. 'पगार बंद झाला तरी हा माणूस ऑफिसलाच जातो' म्हणायचात.

नाना मूळचे धुळ्याकडचे. प्राचार्यांशी शुद्ध मराठी बोलायचे, आमच्याशी अहिराणी. आणि त्यांची एक पद्धत होती. फॉर्म भरून झाला की सबमिट करण्याआधी तो विद्यार्थ्याला मोठ्यानं वाचायला लावायचे. पूर्ण. नाव, गाव, उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय. मागे रांगेत पंधरा जण उभे, आणि आपण मोठ्यानं वाचायचं. पहिल्या वर्षी मी वाचत वाचत व्यवसायापाशी आले आणि आवाज खाली गेला. नाना म्हणाले, "काय शे ते? ऐकू नही उनं." मी म्हणाले, "हमाली." पुन्हा म्हणाले, "जोरात." मग म्हणाले, "बाप घड उचलस, आन् तू त्याना कामनं नाव घेवाले लाजस का?"

रांगेतली मुलं हसली. माझ्यामागचा मुलगा मला म्हणाला, "तुझं एका शब्दात आटोपलं. माझे वडील हंगामाप्रमाणे तीन धंदे करतात, मला तिन्ही वाचायचेत."

मोठ्यानं वाचल्यामुळे चुका सापडायच्या. जन्मतारीख चुकलेली, खातं आधारशी न जोडलेलं, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. हे किती थकवणारं काम आहे ते केलेल्यालाच कळेल. दरवर्षी तीच मुलं, तेच दाखले, पुन्हा नव्यानं. गेल्या वर्षी गरीब असल्याचं सिद्ध केलं, यंदा पुन्हा सिद्ध कर. शिष्यवृत्ती हक्काची असते असं आपण भाषणात म्हणतो. मिळेपर्यंत ती उधारीसारखी मागावी लागते. नाना हे जाणून होते. म्हणून खिडकीवर आलेल्या कुणालाही 'नंतर ये' म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम होता. "आधी बघ, मंग बोल," असं मला शंभरदा सांगितलं असेल.

आज माझ्याआधी चार जण बोलले. सगळे मनापासून बोलले. एका सरांनी म्हटलं की, नानांच्या एवढ्या वर्षांच्या सेवेत शेवटी एक लहानशी चूक झाली, पण डाग चंद्रावरही असतो. सर, तुम्ही प्रेमानं म्हणालात, मला माहीत आहे. पण तो डाग नानांचा नाही. मी त्याबद्दलच बोलायला आले आहे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. शुक्रवार होता. शनिवारी रात्री फॉर्म दुरुस्तीची मुदत संपणार होती. नाना फाइली घेऊन बाहेर गेले होते आणि खिडकीवर मी एकटी होते. मला पाचची सावद्याची एसटी पकडायची होती, कारण शनिवारी मला बघायला पाहुणे येणार होते. आईचे सकाळपासून चार फोन झाले होते. "येताना केस धुऊन ये, इथं पाण्याचा दिवस नाही," हा चौथा.

साडेचारला मी कॉम्प्युटर बंद केला. बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात निलोफर आली.

निलोफर तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. इथे जळगावातच राहते. तिचे वडील गाद्या-रजया भरतात. तिनं विचारलं, "ताई, माझा फॉर्म परत आलाय का बघता? उत्पन्नाचा दाखला जुना लागला होता. नवा आणलाय." नवा दाखला तिच्या हातात होता, प्लास्टिकच्या पिशवीत. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून तो अपलोड करायला पाच मिनिटं लागली असती. फार तर दहा.

मी म्हणाले, "सोमवारी ये. मुदत वाढतेच."

ती म्हणाली, "नक्की?"

मी म्हणाले, "दरवर्षी वाढते गं."

खरंच वाढायची. इथे बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. शेवटची तारीख ही शेवटची नसते असं आपण धरूनच चालतो. त्या वर्षी ती शेवटचीच होती.

शनिवारी नानांनी राहिलेले फॉर्म पाहिले. निलोफरचा दिसला. त्यांनी फॉर्मवरच्या नंबरला फोन केला. तो नंबर तिच्या भावाचा, आणि भाऊ सुरतेला कामाला. लागला नाही. रात्री पोर्टल बंद झालं. मी तिकडे सावद्याला साडी नेसून पोह्यांच्या बश्या फिरवत होते. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि मुलगी जास्त शिकलेली आहे असं कळवलं. म्हणजे ज्या कामासाठी गेले तेही झालं नाही.

निलोफरच्या फीचे पैसे आले नाहीत. पुढच्या वर्षी थकबाकीमुळे तिला तिसऱ्या वर्षाचा प्रवेश मिळाला नाही. तिनं ऑफिसात येऊन सांगितलं, खिडकीवरच्या ताईंनी मला सोमवारी यायला सांगितलं होतं.

नानांनी मला बाजूला घेतलं. विचारलं, "ती पोर शुक्रवारी खिडकीवर उनी व्हती का?"

मी म्हणाले, "आठवत नाही, नाना."

मला आठवत होतं. मला भीती वाटली. योजनेतलं काम गेलं असतं, होस्टेल गेलं असतं, आणि मग घरी जाऊन पुन्हा पोह्यांच्या बश्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." आणि आत जाऊन सांगितलं की शुक्रवारी खिडकीवर मीच होतो.

मित्रांनो, इथवर ही गोष्ट नानांच्या मोठेपणाची वाटते. मलाही तशीच वाटायची. पण पुढे काय झालं ते ऐका. निलोफर म्हणत होती, ताई होत्या. नाना म्हणत होते, मी होतो. दोघांचं जुळेना. इतक्या वर्षांच्या सचोटीच्या माणसावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. मुलगी बनवून सांगते असं ठरलं. नानांच्या सेवापुस्तकात दुर्लक्षाचा शेरा पडला. फी माफ करण्याचा तिचा अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जातली माहिती खरी नाही. नानांनी मला वाचवलं आणि त्यात निलोफर खोटी पडली. नानांचा हेतू चांगला होता म्हणून हे कमी होत नाही. अक्का, मला माफ करा, पण नानांना हे कळलं होतं. मी अंदाजानं सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर ते निलोफरच्या घरी दोन-तीनदा गेले, हे मला आता तिच्या घरीच कळलं. चूक आमची होती, पोरीची नव्हती, असं तिच्या वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "नाना, तुम्ही दिलदार माणूस. पोरीला सांभाळून घेताय." त्यांचा विश्वास बसेना. यंदा ऑगस्टमध्ये मी झेरॉक्सच्या टेबलावर त्यांना मदत करत होते. दुपारी गर्दी ओसरली. चहा आला. नाना म्हणाले, "थकी गऊ, पोरी." आणि जरा वेळानं म्हणाले, "तू जाय एकदाव तिनाकडे. मी गऊ तर उपयोग नही व्हत."

तीन वर्षांत त्या गोष्टीबद्दल ते तेवढंच बोलले. मी म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत जाते, नाना."

दिवाळी होऊन गेली. मी गेले नाही. पेपर तपासायचे होते, सावद्याला जायचं होतं, खरं तर काहीच नव्हतं. मग मंगळवार आला.

गुरुवारी मी गेले. गाद्यांचं दुकान पुढे, घर मागे. निलोफर रजईला टाके घालत होती. तिचे वडील म्हणाले, "बसा मॅडम." मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. शुक्रवार, साडेचार, बंद केलेला कॉम्प्युटर, 'आठवत नाही.' वडिलांनी चष्मा काढून हातात धरला. निलोफरनं टाका तोडला आणि म्हणाली, "तुमच्या खांद्याला निळी बॅग होती."

"होती."

"मी तेव्हा तेच सांगत होते. अब्बा, मी तेच सांगत होते ना?"

तीन वर्षं तिचे वडील तिला आळशी म्हणत आले होते, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

मी म्हणाले, "माझं मानधन आलंय. तुझी राहिलेली फी मी भरते."

ती हसली. चांगलं हसली नाही. म्हणाली, "ताई, तुमच्या पैशानं शिकले तर चूक माझीच राहील ना? मी खोटं बोलले आणि तुम्ही दया केली, असं होईल. मला लिहून द्या. कॉलेजच्या नावानं द्या. मग फीचं काय करायचं ते कॉलेज बघेल."

मी तिला आज इथे यायचा आग्रह केला. ती म्हणाली, "नानांचं वाईट वाटतं मला. पण मी येऊन काय बोलू? सगळे त्यांना चांगलं म्हणणार. मी गप्प बसले तरी लोकांना ते बोलण्यासारखं दिसेल." म्हणून ती आलेली नाही. तिनं मला माफ केलंय का, तेही मी विचारलं नाही. विचारायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "आता नाना गेले, त्यांना काय फरक पडतो? तुझ्या तासिका जातील." वडील म्हणाले, "गाडी भरताना घड पडला तर पडला म्हणून सांगावं लागतं. दुसऱ्याच्या गाडीत ढकलून चालत नाही." एवढं बोलून ते कामावर गेले.

प्राचार्य सर, आज इथे हे बोलणार असं सांगायला मी सकाळी तुमच्या केबिनमध्ये आले तेव्हा तुम्ही विचारलंत, आजच्याच दिवशी का? मी म्हणाले, उद्या मला धीर राहणार नाही. आणखी एक कारण आहे, ते तेव्हा सांगायचं राहिलं. पत्र फाइलला लागतं, फाइल कपाटात जाते. महत्त्वाचा कागद दिला की तो दिल्याचं चार माणसांना सांगून ठेवायचं, हे मी या कॉलेजातच शिकले. इथे चारपेक्षा बरीच जास्त माणसं आहेत.

मी काही मोठं केलेलं नाही. जे एका शुक्रवारी पाच मिनिटांत करायचं होतं, त्याला तीन वर्षं लागली. माझ्या तासिकांचं पुढच्या सत्रात काय होईल ते मला माहीत नाही. निलोफरला प्रवेश मिळेल का, तेही माहीत नाही. ते संस्थेनं ठरवायचं आहे, आणि ठरवणारे पहिल्या रांगेत बसले आहेत. मी हात जोडून एवढंच म्हणते, तिला पुन्हा कुठला दाखला मागू नका. तिनं तो वेळेत आणला होता.

नाना, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्याबद्दल आभार मानू की भांडू, मला कळत नाही. तुम्हाला शेवटचा नमस्कार.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्याआधी एवढंच सांगते. शुक्रवारी खिडकीवर मी होते आणि निलोफर आली होती, असं माझ्या सहीचं पत्र आज अकरा वाजता ऑफिसात दिलं आहे. त्यावर पोचेचा शिक्का घेतला आहे. एक प्रत निलोफरच्या हातात दिली, दुसरी तिच्या वडिलांना वाचून दाखवली, आणि मगच इथे आले.

उठू या.