दहाव्या दिवसाचा फोन

लिहा ना मॅडम, लिहा — जयूच्या आयुष्यात ताणाचं काय काय घडलं ते विचारायला डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय ना तुम्हाला, मग थोरल्या बहिणीला नाही तर कोणाला माहीत असणार? लग्न मोडलं, लिहा. नोकरी सुटली, लिहा. बाबा गेले — हो, तेही लिहा. पण एक विचारू? बाबा माझेही गेले ना? लग्न तर माझं जमलंच नाही. मतलब घर तेच, बाबा तेच, आणि तिच्या दुखण्याला नाव मिळालं — बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी — आणि माझ्या दुखण्याला काय, तर 'देवश्री समजूतदार आहे'. बस.

आपल्याला सोडून जातील ही धास्ती तिला लहानपणापासूनची, मान्य. बाबांना ऑफिसातून यायला उशीर झाला की फाटकाशी रडत उभी, आले की पाठीत गुद्दे, लगेच गळ्यात मिठी. मग रविवारी बाबा तिला स्कूटरवर घेऊन भैरवगढला — तिथं कापडावर ठसे मारताना बघितलं की ती शांत होते म्हणे. मी घरी पोळ्या लाटायची. मला विचारलं कधी कोणी, तुला ठसे आवडतात का? आवडतात हो. मलाही आवडतात.

बाबा गेले तेव्हा ती इंदूरला होती. कळवलं नाही, तिला झेपणार नाही असं ठरलं — कोणी ठरवलं म्हणजे? आई कुठं भानावर होती... मीच ठरवलं. फोनवर सांगायची, आयसीयूत आहेत, भेटू देत नाहीत. चक्रतीर्थाच्या स्मशानात अग्नी मी दिला, अस्थी मी वेचल्या, दहाव्याला पिंड मी ठेवला. मग संध्याकाळी तिला फोन केला. तिच्या भल्यासाठीच — म्हणजे, सगळ्यांना तसंच सांगितलं. पण ते दहा दिवस बाबा माझे एकटीचे होते, मॅडम, पहिल्यांदाच, आणि मला वाटेकरी नको होता. त्यानंतरच तिचं वाढलं. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं.

हे कशाला लिहिताय? 'वडिलांचा मृत्यू' लिहिलंत ना, तेवढं पुरे. खोडा ते. फाटक वाजलं बघा — आली ती. आता दारातूनच विचारेल, ताई, तू आहेस ना? रोज विचारते...

आहे गं जयू, इथंच आहे.

या आता तुम्ही, मॅडम.