मैदानाची दिशा

आई : पाणी नंतर पी. काम राहिलं की गेलं, तेवढं आधी सांग.

लेक : अगं, चपला तरी काढू दे!

आई : काढ, पण तोंड चालू ठेव. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय. नोकरी सोडल्यावरचं तुझं पहिलं काम, तेही विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाचं. निघताना बजावलं होतं, सगळ्याला हो म्हण.

लेक : हो तर तेच म्हणत होते. बॅडमिंटनचा हॉल, मुलींच्या कपडे बदलायच्या खोल्या मैदानाला लागून, भोवती चालायची वाट, सावलीत बाकं... एक सोडून सगळं त्यांना पसंत.

आई : बाकं बरी ठेवलीस. सगळेच काही पळणारे नसतात. मग अडलं कुठे?

लेक : फुटबॉलच्या मैदानापाशी. कुलगुरू म्हणाले, आडवं फिरवा, म्हणजे गेटमधून ऐसपैस दिसेल. मी म्हटलं, सर, मैदान दक्षिणोत्तरच हवं. नाहीतर संध्याकाळी एका गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन. आणि मुलं खेळणार ती संध्याकाळीच, तास सुटल्यावर.

आई : मग?

लेक : म्हणाले, “मैदान फिरवा, नाहीतर आम्ही दुसरा आर्किटेक्ट बघतो.”

आई : अगं बाई! आणि तू?

लेक : पाच वाजता जागेवर चला म्हटलं. साइटवरची दोन हेल्मेटं ठेवली, पूर्वेला. झाला गोलपोस्ट तयार. मध्ये त्यांना उभं केलं, तोंड मावळतीकडे.

आई : कुलगुरूंना? कोटासकट?

लेक : कोटासकट. समोर क्रीडा विभागाच्या बाई, बॉल घेऊन. भोवती सगळा स्टाफ. पहिला अगदी बिचकत मारला. साहेब डोळ्यांवर हात धरून उभे, बॉल शेजारून गेला तरी पत्ता नाही. दुसऱ्याला बाईंची भीड चेपली. तो थेट पोटात!

आई : मेले! कुणी हसलं नाही ना?

लेक : हसायची कुणाची छाती! साहेब मटकन खाली बसले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या ऑफिसात नोकरी मागायला जायचं.

आई : अगं, पुढे बोल.

लेक : उठले. कोट काढला. हेल्मेटं स्वतः उचलली, उत्तरेच्या टोकाला नेऊन ठेवली, मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “आता मारा.”

आई : अडवला?

लेक : झेप घेऊन! गुडघे मातीने माखले, पण खूश. जाताना म्हणाले, मैदान राहू दे असंच, गेट काय, कुठूनही दिसतं. मोठा माणूस गं. एवढ्या लोकांसमोर कोण माघार घेतं?

आई : ते मोठे आहेतच. पण त्यांना तिथे उभं करणारी कोण?

लेक : काम जाणार असंच धरून चालले होते मी.

आई : तरी केलंस ना! तुझ्या जागी मी असते, तर मैदान फिरवून मोकळी झाले असते.