मनीषाच्या लग्नातला चौक

मी मूळची तलासरीकडची, आयसचं, म्हणजे आईचं घर डोंगराच्या अंगाला, लग्न होऊन इकडं कैनाडच्या पाड्यात आली ती इथलीच झाली. लखमी माझं नाव. ताई, तुमी विचारता चित्रं कोणी शिकवली, आता काय सांगू तुम्हाला, शिकवायला कोणाला वेळ होता. लग्नसराईत आयसला भिंतीवर लग्नाचा चौक काढायला बोलवायचे, तिच्या पाठी मी जायची. कुडाची भिंत, शेणानं सारवलेली, वर गेरू, सगळ्या बाया भिंतीला तोंड करून बसलेल्या, आणि धवलेरी गाणं म्हणते. धवलेरी म्हणजे आमच्यात लग्न लावते ती बाई. मी लहान, मला वाटायचं ते गाणंच भिंतीवर उमटतं. तांदळाचं पीठ ना ते, पाण्यात कालवलेलं, ओलं असताना धड दिसत पण नाय, काय काढलं ते सुकल्यावर कळतं. म्हणून थांबून बघायचं नाय, आयस म्हणायची, हात थांबला का रेघ मरते.

सासरी कोणाला माहीत नव्हतं माझा हात बरा हाय. नणंदेच्या लग्नात मला कोपरा दिला, जा, तिकडं ताडाचं झाड काढ. मी काढलं, धवलेरीनं बघितलं आणि मला सरकवून मध्ये आणलं, चौकाच्या आत, जिथं पालघट देवी बसते. तिच्यासमोर लग्न लागतं आमचं. तेव्हापासून आसपासच्या पाड्यात कुठं लग्न असलं का लखमीला बोलवा. खांद्याला खांदा लावून बसायचं, कोणाच्या बांगड्या कोणाला टोचतात, कोणी चिडवते, ए लखमे, तुझी देवी तुझ्यासारखीच लुकडी आली, हसता हसता भिंत भरून जायची. तसं सुख मला नंतर कशात नाय मिळालं.

माझा घरवाला लाडक्या, समुद्राच्या बाजूला चिकूच्या वाडीत कामाला जायचा. गरीब माणूस, कधी आवाज नाय चढवला. माझ्या चित्रं काढायच्या काड्या तोच करायचा, बांबूची बारीक काडी घ्यायची, टोक चावून चावून मऊ करायचं, मी म्हणायची बिडी सोड आणि हेच चाव, तर दोन्ही करायचा. पावसाळ्यात ताप आला, दवाखान्यात नेला, पायानं चालत गेला आणि उचलून आणला.

चौक सवाशिणीनं काढायचा, जिचा नवरा हाय तिनं. मला काय माहीत नव्हतं? माहीतच होतं, पण पायांना माहीत नव्हतं. वर्ष सरलं, शेजारी लग्न निघालं, मी काड्या घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली, आणि माझी जाव म्हणाली, लखमी, तू जरा पोरं सांभाळ. एवढंच. कोणी वाईट नाय बोललं. वाईट बोललं असतं तर भांडली तरी असती.

मग कपड्यावर काढायला लागली. कपड्याला नवरा लागत नाय. डहाणूहून एक माणूस येतो, घेऊन जातो, शहरात विकतो. जे बघते ते काढते, मुंग्यांची रांग, वरोरच्या मच्छीवाल्या, टेकडीवरचा मोबाईलचा टॉवर पण काढला. कडेपासून सुरू करते, मध्ये काय येणार ते हाताला शेवटी कळतं. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक, लोकांना वाटतं सोपं हाय, पण कमरेत तो किती कलला त्याच्यावर हाय सगळं, जरा इकडं झाला तर नाचतो, जरा तिकडं झाला तर दमला. गाणं मीच म्हणते. एकटीनं लग्नाचं गाणं म्हणून बघा ताई, आपलाच आवाज परका वाटतो. मुंबईची एक बाई आलेली, म्हणाली, तुमच्या चित्रात किती माणसं, बघून बरं वाटतं. मी म्हटलं हो. दिवसभर पडवीत कोणी नाय म्हणून कपड्यावर माणसं भरते, हे तिला कशाला सांगू.

फक्त पालघट देवी कपड्यावर कधी काढली नाय. ती काय विकायची वस्तू हाय?

मनीषा माझ्या बहिणीची पोर. बहीण गेली तेव्हा ही चालत पण नव्हती, मला मूल नाय, मीच वाढवली. संध्याकाळी तिच्यासंगं पाड्यातल्या पोरी, सुना माझ्याकडं शिकायला बसायच्या. तिचं लग्न ठरलं तलासरीला, पोरगा टेम्पो चालवतो, स्वभावानं चांगला. आणि चौक माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवर. भिंत सारवली मी, गेरू दिला मी, आणि बाहेर येऊन चुलीपाशी बसली. आत सगळ्या माझ्याच शिकलेल्या. झाडं काढली, घोडा काढला, सगळं भरलं आणि देवीपाशी येऊन अडल्या. मी शिकवलीच नव्हती ना. जुन्या हातांपैकी बऱ्याच गेल्या, आणि ज्या हायत त्या माझ्यासारख्या, नवरा नसलेल्या. धवलेरी म्हातारी, तिला दिसत नाय. तीच म्हणाली, लखमीला आत बोलवा. माझी तीच जाव, जिनं मला पोरं सांभाळायला सांगितलं होतं, ती बाहेर आली, माझा हात धरला आणि म्हणाली, चल, आमीच बोलावतो.

मी उठली ताई. हात धुतले. उंबऱ्यावर आली तर भिंतीच्या मधोमध ती रिकामी जागा, आणि बोटं माझी नुसती शिवशिवत होती, किती वर्षं वाट बघितली मी त्या हाकेची. कोपऱ्यात मनीषा हळद लावून बसलेली. ये ना मावशी, म्हणाली. ती हळद बघितली आणि मला लाडक्या दिसला, दवाखान्याकडं चालत जाताना. उद्या हिच्या माणसाला काही झालं तर? लोक कदाचित बोलणार नायत, मीच बोलेन, मरेपर्यंत स्वतःला बोलेन. मी म्हटलं, नको बाय, माझा हात नको.

मनीषा रडली. तुझा नको तर कोणाचा, म्हणाली. मी पाठ फिरवली. धवलेरी सांगत गेली तशी पोरींनी देवी काढली, जरा वाकडी झाली. लग्न लागलं.

ती मुंबईची बाई रागावली माझ्यावर, तुमी जायला पाहिजे होतं, हे सगळं मोडायला पाहिजे. तिचं खरं असेल. रेघेनं माणूस मरत नाय, मला कळतं. पण कळणं वेगळं आणि पोरीच्या कपाळाशी खेळणं वेगळं.

मनीषा आता सुखात हाय. फोन करते. नवऱ्याला नुसती सर्दी झाली म्हणाली तरी मी दहादा विचारते, ताप तर नाय ना, आणि मग वाटतं बरं झालं, माझा हात नाय लागला. तिकडं तिला चौकाला बोलवतात. देव तिच्या माणसाला भरपूर आयुष्य देवो, तिचे हात बांगड्यांनी भरलेले राहोत, म्हातारी होईतो तिनं भिंती रंगवाव्या. इकडं पाड्यात लग्नं होतात, गाणं माझ्या पडवीत ऐकू येतं, मी ऐकत बसते. मला आता कोणी हाक मारत नाय. कशाला मारतील? एकदा मारली होती, मीच नाय गेली.