बिनआवाजाची गाडी

विजेच्या स्कूटरचं शोरूम. माझ्या शेजारच्या बाकावर दोघं बसले होते.

“आत कोण आहे तुमचं?”

“बायको. प्रशिक्षणात पास झाल्याशिवाय चावीच देत नाहीत.”

“तुम्ही नाही घेतलंत?”

“घेतलं की. नापास! पंचवीस वर्षं मोटारसायकल चालवतोय मी. पण ही बया आवाजच करत नाही. बंद आहे समजून मूठ पिळली, तर सरावाला मांडलेले तीन प्लास्टिकचे कोन उडवले.”

“आणि वहिनी?”

“आयुष्यात सायकल चालवली नाही. पण शिकवणारे सर म्हणतात, हात हलका आहे. बघा काचेतून, त्यांच्याशी कशी खिदळतेय! घरी कधी हसली नाही अशी.”

दार उघडलं.

“अहो, झाले पास! बसा मागे. घट्ट धरू नका हं, तोल जातो.”

“हेही तुझ्या सरांनीच शिकवलं?”

“छे! हे तुम्हीच. पंचवीस वर्षं मागे बसवून.”