हळदीविषयी, सरांच्या वतीने

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे सचिव आदरणीय आबासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. वैजनाथ गोर्डे सर, सौ. वहिनी, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी प्राणिशास्त्र शिकवते. सरांची प्रयोगशाळा आमच्या भिंतीला भिंत लागून. माझ्या बेडकांचा वास त्यांनी वर्षानुवर्षं सोसला, याबद्दल त्यांचे आभार आधीच मानून ठेवते.

आत्ता माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांचा गौरव 'हळदीने कॅन्सर बरा करणारे शास्त्रज्ञ' असा केला. टाळ्याही झाल्या. सरांनी मान खाली घातली. तो विनय होता, असं आपल्याला वाटलं का? मला नाही वाटलं.

झालं होतं ते असं. सरांनी पुण्यातल्या एका मित्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवलेल्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर हळदीचा अर्क घातला. बहुतेक पेशी मेल्या. थोड्या उरल्या आणि काही दिवसांनी बशी पुन्हा भरली. सरांना त्या उरलेल्यांनीच पछाडलं. परदेशातल्या संशोधकांनी नुकतंच दाखवलं होतं, की रक्ताच्या कॅन्सरमध्ये मोजक्याच पेशी रोगाचं मूळ असतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. बाकीच्या मेल्या तरी या राहतात आणि रोग परत येतो. सर मला म्हणाले, "मॅडम, हरळी वरून कापली तर काय होतं? आपल्या जेवणातलं काही त्या मुळापर्यंत पोचतं का, एवढंच मला बघायचंय."

एवढंच! पण एका दैनिकाने मथळा छापला, 'नगरच्या प्राध्यापकाची किमया : हळदीने कॅन्सर बरा'. सरांनी खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, पंचांगाच्या खाली आला. तो कोण वाचणार?

मग एक दिवस मालनबाई आल्या, नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन. त्यांचे पती मच्छिंद्रभाऊ नागापूरला कारखान्यात फिटर होते. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला होता. पुण्याच्या उपचारांनी तो आटोक्यात आला होता, गोळ्या मात्र पुढे चालू ठेवायच्या होत्या. मालनबाई सरांच्या पाया पडल्या. "सर, तुमच्या हळदीनं मालक बरं झालं. गोळ्या कवाच बंद केल्या!"

मी तिथेच होते. सरांनी नारळ घेतला नाही. स्कूटर काढली, मालनबाईंना मागे बसवलं आणि थेट नागापूर गाठलं. मीही रिक्षाने मागोमाग गेले.

मच्छिंद्रभाऊ खाटेवर बसून दुधात कालवलेली हळद पीत होते. सर म्हणाले, "भाऊ, गोळ्या आजच सुरू करा."

"न्हाई सर. त्या औषधानं केस गेलं, तोंड आलं. हळदीनं भूक लागती."

"भूक त्या औषधाने रोग दबला म्हणून लागते. हळद खाल्ली तरी रक्तात फार थोडी उतरते. मी बशीतल्या पेशी पाहिल्यात, माणसात काही पाहिलेलं नाही."

"मंग पेपरात आलं ते?"

"ते मी म्हटलेलं नाही."

भाऊंनी हातातला पेला खाली ठेवला. मग मालनबाईंना म्हणाले, "पिशवी भर."

सर स्वतः त्यांना पुण्याला घेऊन गेले. रोग परतला होता. उपचार पुन्हा सुरू झाले, पण या वेळी रोग हटेना. पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊ गेले.

गोळ्या चालू असत्या तर ते वाचले असते का? डॉक्टरही खात्रीने सांगू शकले नाहीत. सर तर नाहीच. दहाव्याच्या विधीला मालनबाईंनी त्यांना विचारलं, "सर, मंग हळद खोटी का?" सर म्हणाले, "खोटी नाही, बाई. पण ती काय करते ते मला अजून कळलेलं नाही." त्यानंतर सरांनी जाहीर व्याख्यानं बंद केली. प्रयोग बंद केले नाहीत.

अजूनही कोणी ना कोणी ते कात्रण घेऊन कॉलेजात येतं. सर त्यांना चहा देतात, औषधं कोणती चालू आहेत ते विचारतात आणि हात जोडून दवाखान्यात परत पाठवतात. काही जण रागावून जातात. ते पुढे कुठे जातात, या विचाराने सरांना जेवण जात नाही, हे वहिनींनी मला सांगितलंय. वहिनी, बोलले, माफ करा.

मालनबाई आता नेवाशाला माहेरी असतात. आज त्या एस.टी.ने आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत. सकाळी मी त्यांना विचारलं, "सरांविषयी काय बोलू?" त्या म्हणाल्या, "सांगा, सर आमच्या दारी आलं हुतं. आन ज्याच्या घरात आत्ता कुनी आजारी हाय, त्याला सांगा, हळद खा, पर गोळी सोडू नगा."

मालनबाई, सांगितलं.

सर, आपल्याला निरामय आयुष्य लाभो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलून गेले असेन, तर वडीलधाऱ्यांनी ते पोटात घालावं.