बिनचामड्याची तोटी

नाव कशाला पायजे तुम्हाला, नाव राहू द्या. माहेर अक्कलकोटाकडचं, घरात कानडी, शेतावर मराठी, एवढं लिवा. बाराव्या वर्षी लगीन होऊन सोलापुरात आले तवा सैपाकघरात भिंतीतनं पानी येतंय बघून मी भ्यालेच होते. सासऱ्यांनी हौसेनं नळ घेतलेला, अख्ख्या गल्लीत घरात नळ म्हनला तर आमचाच. पुढं सासरे गेले, मालक नव्या पेठेत कापडाच्या दुकानात कामाला लागले, आन घर चाललं सासूच्या हुकमावर. तिला आमी अत्ती म्हनतो, कानडीत तसंच म्हनतात.

काय सांगू तुम्हाला, अत्तीचा इश्वास कशावरच न्हाय. दुधाचा थेंब नखावर धरून बघनार. दळनाला गेली की आपल्या आधी कुनी काय दळलं ते इचारनार, मगच ज्वारी टाकू देनार. माझ्या माहेरनं तूप आलं तरी हुंगून घेनार, आन मी बघतेय हे बघून परत हुंगनार.

तर ती तोटी गळायला लागली. सहा वर्सं चाललेली तोटी, पिळून पिळून हाताला फोड आला तरी धार थांबंना. नळाचा फिटर आला, त्यानं लोखंडी पान्यानं तोटीचं वरचं डोस्कं खोललं आन आतनं एक काळी, कुजकी चकती फरशीवर पडली. अत्तीनं इचारलं, हे काय रं? तो म्हनला, चामडं हाय की आजी, तेच्यावरच पानी अडतंय. काय इचारू नका. रोज सकाळी हातावर इष्टलिंग घेऊन अत्ती पूजा करायची, आन लिंगाला पानी घालायची ते ह्याच तोटीचं. सहा वर्सं. तिनं फिटरला हाकलला, तोटीला फडकं बांधलं, आन म्हनली, आजपास्नं विहिरीचं पानी.

विहिरीचं पानी म्हंजे माझं पानी. विहीर दोन गल्ल्या पल्याड, पायऱ्या उतरून भरायचं. मला चौथा म्हैना होता. पयल्या खेपेचं पाचव्यात गेलं होतं, नळावरनं भरलेली घागर न्हानीत नेतानाच दुखायला लागलं होतं, ते मी इसरले न्हवते. सुईन म्हनली होती, आता ओझं उचललंस तर हे बी जाईल. अत्ती तिथंच होती. पन तिचे गुडघे धरलेले, पखालीचं पानी घ्यावं तर पखाल चामड्याचीच, आन परक्या बाईच्या हातचं पानी पूजेला चालत न्हवतं. मालक पहाटं दोन घागरी टाकून जायचे, तेवढ्यानं घर भागतंय व्हय?

मालक म्हनले, बिनचामड्याची तोटी आनतो. अत्ती म्हनली, तू कसली बी आनशील आन चामडं न्हाय म्हनशील, बायकूसाठी तू काय बी बोलशील. मी येते.

तिघं गेलो नव्या पेठेत. लोखंडी सामानाचा दुकानदार, म्हातारा, तो म्हनला अम्मा, मैं झूट कायकू बोलूं, खोलको देखो. एकामागनं एक तोट्या खोलल्या, समद्यांत चामडं. एकीत तेवढी रबराची चकती निघाली. तो म्हनला, ये झाड का चीक है अम्मा. अत्ती म्हनली, कुटलं झाड? तू बघितलंस? तो म्हनला मैं नै देखा. मग ती म्हनली, जाळ. चामडं जळलं की केसासारखं घानतं हे तिला ठाऊक होतं. जाळलं, तर रबर चामड्याहून घानलं, दुकानातली गिऱ्हाईकं नाकाला पदर लावून रस्त्यावर गेली. अत्ती मला म्हनली, बघ, घानतंय का न्हाय? दुकानदार हात जोडून म्हनला, अम्मा, पुन्हा आना नक्को.

घरी आलो. मला तर अत्तीचाच संशय येऊ लागला, हिला नातवंड नगं असंल का काय. दुसऱ्या दिवशी घागर उचलून निघाले आन न्हानीत बंबाकडं नजर गेली. बंबाची तोटी बघितली असंल तुमी, निमुळता पितळी दांडा, पितळेच्याच भोकात बसलेला, मुठीनं नुसता फिरवायचा. चामडं न्हाय, रबर न्हाय, काय न्हाय. घागर तिथंच ठेवली आन मी अत्तीला हाक मारली. तिनं तो दांडा उपसून काढला, भोकात बोट घातलं, वास घेतला, आन पयल्यांदा माझ्याकडं बघून होकाराची मान हलवली.

तांबटानं तसलीच मोठी, भिंतीच्या नळाला बसंल अशी करून द्यायचं कबूल केलं. अत्ती दोन दिवस तेच्या दारात बसून. दांडा भोकात घासून घासून बसवावा लागतो, विटकरीची पूड आन तेल लावून. तांबट तेलाच्या डब्याकडं हात न्यायला लागला तर ही म्हनली, थांब, तेच्यात चरबी असंल, आन घरनं नेलेलं करडीचं तेल पुढं केलं. तांबट म्हनला, आजी, घासू बी तुमीच लागा. म्हनली, लागले असते, गुडघे धरलेत.

तोटी बसवायला तोच फिटर आला. आधी पानी तोडायला गल्लीतली मोठी चावी बंद करायला लागती, तर त्यानं तिच्यावरचं लोखंडी झाकन उचललं, मी दाखवायला संगं गेले होते. वाकल्या वाकल्या हसायला लागला. म्हनला, वैनी, तोटीचं एवढं केलंत, पर ह्या चावीत भाकरीएवढं चामडं हाय, तुमचं पानी ह्याच्यातनंच येतंय. मागं बघितलं तर अत्ती उंबऱ्यात हुबी, दाराला धरून.

म्हनली, काय म्हनतोय गं तो?

फिटर माझ्या तोंडाकडं बघतोय. मी म्हनले, काय न्हाय अत्ती, झाकन गंजलंय म्हनतोय.

ती फिटरला म्हनली, बसव बाबा लवकर, पोरीला विहिरीवर पाठवायचं न्हाय मला.

आता अत्तीचे कान बघा. शेजारच्या घरात दूध उतू गेलेलं तिला आमच्या चुलीपाशी बसून कळतं. तो फिटर तर पाच हातावर बोलला होता.

नववा म्हैना पुरा करून पोरगी झाली, आता पाचवं लागलंय. तोटी थोडी पाझरती, खाली वाटी ठेवलीय. अत्ती रोज सकाळी त्याच पान्यानं लिंगाची पूजा करती. कवा कवा तोटी फिरवून थांबती, माझ्याकडं बघती, मी भाकरी थापत ऱ्हाते. तिनं कवा इचारलं न्हाय, मी कवा सांगितलं न्हाय. हळू बोला, आत बसलीय ती. हे छापून आलं तर कुनाकडनं तरी वाचून घेतल्याबिगर ऱ्हायची न्हाय, म्हनून म्हनते, नाव राहू द्या. शिव तिला लई आयुष्य देवो. तुमी पानी घेनार का वाईच?