इथं कोट नाही

नाही हो भाऊ, इथं कोट-बिट काही नाही. कोनं सांगतलं तुमाले? — हां, वेस आहे, पोहा वेस म्हनतेत तिले, एवढी उंच, ते मी कशी लपवू — पन वेशीपासून भिंत निंगते अन् साऱ्या कारंज्याले वेढा घालते असं जे तुमच्या मोबाइलात लिहेलं आहे नं, ते झालं जुनं. पडली ते भिंत. कवाचीच पडली. तुमी गुरुमंदिरात जा, बाहेरगावचे सारे तिथंच जातेत, दर्शन घेतेत अन् गाडीत बसतेत. या गल्लीत काय पाहाचं आहे, नाली?

ते? ते गोधडी आहे, वायू घातली. होय, साऱ्या गल्लीनं आजच गोधड्या वायू घातल्या, मंग? ऊन चांगलं आहे. गोधडीमांगं काय असनार — गोधडीमांगं गोधडीच असते.

बरं, उन्हात नोका उभे राहू, तोंड पाहा कसं लालबुंद झालं. या, आत या. दारातून मानूस तसाच गेला तं लोक म्हनतीन, चतुराबाईनं पान्यालेही नाही इचारलं. सरकारी असो का बिनसरकारी — तुमाले नाही म्हनत, असंच बोलनं आहे. राखी, चाय मांड वं. ही आमची नातसून. तिथं नोका बसू, वरचा पत्रा तापते. इकडं सरका, या भिंतीले पाठ लावून बसा. पाहुना आला का इथंच बसवाची रीत आहे, माह्या सासूपासून. लागला नं गारवा? पंखा कायले पाहिजे. भर वैशाखात माठासारखी गार राह्यते — दोन मानसं आडवी झोपतीन एवढी रुंद आहे, गार नाही राहीन तं काय. सासऱ्यानं तीनच भिंती बांधल्या, चौथी आयतीच —

चौथीही त्यायनंच बांधली.

असे पाहून काहून राह्यले? पिस्ता कलर आहे तो, ऑइलपेंट. आत्ताच देल्ला. हेमसिंग म्हने, द्या — हेमसिंग म्हंजे आमच्या वार्डाचा मेंबर. त्यानं घरोघरी सांगतलं का मोजनीवाले येनार, साध्या कपड्यात, गयात क्यामेरा अडकवून. ज्याचं घर कोटाले टेकलं त्याचं घर हटवनार, पाहुन्यायले भिंत मोकयी दिसली पाहिजे म्हनून. तवा गोटे झाका अन् कोनी इचारलं तं सांगा, इथं कोट नाही. आता मी कुठी जाऊ हो घर सोडून? म्हनून देल्ला कलर. आमच्यात नवी नवरी घरात आली का पहिले या गोट्याले हयदीचा हात लावते, मंग देवाले. सासूचा होता, माहा होता, सुनेचा, अन् या राखीचा तं अजून पिवयाजर्द होता. सारे हात कलरखाली गेले. ब्रश मी राखीच्याच हातात देल्ला, माह्यानं नाही झालं. रडली मी, खोटं कायले सांगू.

काय म्हनता? मोजनीवाले नाही? नाशिकचे? नुसते पडक्या भिंती पाहात हिंडता, सुट्टी काढून, अन् घरचे काही म्हनत नाहीत? मंग आंधी कायले नाही बोलले — हां, मी बोलू कुठी देल्लं. अरे देवा. जीव भांड्यात पडला माहा. राखी, ऐकलं का वं, पर्यटक आहेत हे. तो कलर खरवड इथला जरासा, उलथन्यानं. आता पाहा, भाऊ. गोटा पाहा, सांध्यात सुई जात नाही. असा कोट साऱ्या गल्लीत कोनाच्या घरात नाही. शेजारच्या धनीबाईकडं नुसती माती आहे, तिकडं जाऊ नोका, ते उगीच बढाया मारते. बाहेरची गोधडीही काढ वं राखी, पुरा दिसू दे त्यायले. घ्या फोटो. मलेही घ्या त्यात. थांबा, पदर नीट करू द्या.

फोटो नाही तं काय आहे ते? कवाचं चालू आहे? — गोधडीपासून? अन् लोकायले दिसून राह्यलं, आत्ताच, जिथच्या तिथं? आना इकडं, पाहू द्या. राखी, वाच वं हे खालचं, मले चष्म्याबिगर दिसत नाही. हा कोन? हेमसिंग. काय लिहेलं त्यानं — आजी, चूप बसा. अन् हा त्याच्या खालचा? घर नेमकं कोनतं म्हनते? कोन आहे तो? तुमालेही नाही माहीत?

राखी, गॅस बंद कर. चाय नोको मांडू.

उठा, भाऊ. पाठ काढा भिंतीची. अन् निंगता निंगता त्या फोनात सांगून द्या सगयायले — इथं कोट नाही.